घाटातच गाडीचा दम का जातो? लिम्प मोडचा लपंडाव कसा पकडायचा

हा आपल्या नव्या भागाचा लिखित मजकूर. निवांत बसला असाल तर वाचा. गाडी चालवत असाल तर प्लीज फक्त ऐका.

सुरुवात पसरणी घाटातून. वाईहून पाचगणीला चढताना बाबा गाडी चालवत होते, आई शेजारी, मी मागे. पुढे एसटी. सरळ पट्टा बघून बाबांनी ओव्हरटेक घेतला आणि एसटीच्या बरोबरीला आल्यावर गाडीचा दमच गेला. एक्सलेटर पूर्ण दाबलेला, पण गाडी पुढे सरकेना. समोरून जीप येत होती. एसटीच्या ड्रायव्हरकाकांनी ब्रेक मारला, आम्हाला आत घेतलं, म्हणून वाचलो.

बाजूला थांबलो. बाबांनी गाडी बंद करून परत चालू केली. एकदम नॉर्मल! "बघ, झाली ठीक," बाबा म्हणाले. आई काहीच बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी या गाडीत परत बसणार नाही."

आमची गाडी बारा वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक. पाचगणीला आत्या एकटी असते, बाबा दर पंधरा दिवसांनी तिची औषधं घेऊन जातात. म्हणजे घाट टाळता येत नाही. गॅरेजला तीन चकरा झाल्या. तिथे गाडी शहाण्यासारखी चालायची. ईजीआर व्हॉल्व्ह साफ केला, हवेचा सेन्सर बदलला, अकरा हजार गेले. मग सल्ला मिळाला, "टर्बो बदला, पंचेचाळीस हजार." बाबा गाडी विकायला निघाले होते.

लिम्प मोड म्हणजे नक्की काय?

लिम्प म्हणजे लंगडणं. गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सतत हिशोब करत असतो: मी किती हवा मागितली, प्रत्यक्षात किती आली? फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झाला आणि काही सेकंद टिकला, की तो स्वतःहून ताकद कमी करतो. डिझेल कमी सोडतो, टर्बोचं प्रेशर उतरवतो. बऱ्याच गाड्यांत इंजिन ३,००० आरपीएमच्या आसपास अडकतं. ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते.

हेतू चांगला आहे: इंजिन वाचवायचं आणि तुम्हाला हळूहळू का होईना, घरी पोचवायचं. फक्त तुम्ही तेव्हा ओव्हरटेकच्या मध्यात आहात हे त्याला माहीत नसतं.

बंद-चालू केल्यावर ठीक का होते? कारण ईसीयू नव्याने सुरुवात करतो आणि पुन्हा पूर्ण प्रेशर मागून बघतो. आपण सर्व्हर रीस्टार्ट करतो तसंच. बग तिथेच असतो, पुढच्या लोडची वाट बघत.

कोड वाचा, पण पुसू नका

स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं. ते ओबीडी पोर्ट. अमेरिकेत ही व्यवस्था १९९६ पासून सक्तीची आहे, आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्यात ब्लूटूथ डोंगल लावायचा आणि मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं.

आमच्याकडे कोड आला पी०२९९. अर्थ: टर्बोचं प्रेशर अपेक्षेपेक्षा कमी. नीट वाचा. 'टर्बो खराब' असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. हवा कमी पोचली, एवढीच तक्रार आहे. पाइप फाटला असेल, इंटरकूलरची क्लिप सैल असेल, सेन्सर काजळीने भरला असेल, टर्बोला हुकूम देणारी नळी गळत असेल, किंवा खरंच टर्बो गेला असेल. कोड एकच, संशयित पाच.

कोडसोबत ईसीयू एक फोटो काढून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, इंजिनवर लोड किती, तापमान किती. गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी आधी कोड क्लिअर केला गेला आणि हा फोटोही पुसला गेला. लॉग डिलीट करून बग शोधायला बसण्यासारखंच हे! त्यामुळे आम्हाला पुढचा बिघाड होईपर्यंत थांबावं लागलं. या वेळी फ्रीझ फ्रेम हाती आली: तिसरा गिअर, २,४०० आरपीएम, लोड जवळजवळ पूर्ण, इंजिन व्यवस्थित तापलेलं.

बिघाड पुन्हा घडवून आणा

आधी एक फुकटची टेस्ट. इंजिन बंद, फक्त इग्निशन ऑन, आणि अ‍ॅपमध्ये मॅप सेन्सर बघायचा. हा इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजतो. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचंच प्रेशर दाखवायला हवं. पुण्यात ते साधारण ९५ किलोपास्कल, पाचगणीला उंचीमुळे आणखी कमी. आमच्या सेन्सरने ९५ दाखवले. म्हणजे सेन्सरवरचा संशय बराच कमी झाला.

मग पसरणी घाट दोनदा चढलो. बाबा ड्रायव्हिंगला, मी शेजारी रेकॉर्डिंगला. चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही आणि ओव्हरटेक करायचा नाही, हे आधीच ठरवलं.

पहिल्यांदा वाईला मामाकडे मुक्काम केला, सकाळी थंड गाडी काढली. घाटात काहीच झालं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये २,४०० आरपीएमला, पूर्ण एक्सलेटरवर २०५ किलोपास्कल. बाबा माझ्याकडे बघून हसले.

दुसऱ्यांदा पुण्याहून कुठेही न थांबता थेट घाटात शिरलो. तोच गिअर, तेच आरपीएम, आणि आकडा १४० वरच अडकला. काही सेकंदांत दिवा लागला आणि गाडीने मान टाकली. या वेळी हसायची पाळी माझी होती.

दोन्ही रन शेजारी ठेवले तेव्हा फरक एकच दिसला: उष्णता. टर्बो आतून झिजला असता तर सकाळी थंड असतानाही कमीच हवा दिली असती. एखादी गोष्ट गार असताना ठीक आणि तापल्यावर सैल पडत होती. असं वागणारी गोष्ट म्हणजे रबर.

आरोपी सापडला

आमच्या गाडीतला टर्बो व्हॅक्यूमवर चालतो. इंजिनवरचा पंप व्हॅक्यूम तयार करतो, एक इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह तो मोजून सोडतो, आणि पेन्सिलपेक्षा बारीक रबरी नळीतून तो टर्बोच्या डबीपर्यंत जातो. डबी दांडा ओढते, टर्बोतल्या पात्या बंद होत जातात आणि प्रेशर वाढतं. नळी गळली की दांडा पूर्ण ओढला जात नाही, पात्या उघड्याच राहतात आणि हवा कमी पडते. सपाट रस्त्यावर आपण जास्त प्रेशर फारसं मागतच नाही, म्हणून कळत नाही. घाटात सलग मागतो, म्हणून तिथेच पकडले जातो.

दोन्ही ग्राफ घेऊन मी त्याच गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकदादांनी ते शांतपणे बघितले आणि म्हणाले, "ताई, गाडी अर्धा तास पळवून आणा, गरमच लावू." हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप त्यांनी थेट डबीला जोडला. दांडा हलला, काटा स्थिर राहिला. म्हणजे डबी ठीक. मग तोच पंप नळीला लावून दुसरं टोक बंद केलं. काटा हळूहळू खाली आला. नळीच्या खालच्या बाजूला, लोखंडी ब्रॅकेटला घासून, चीर पडली होती. वरून दिसतच नव्हती.

नवीन नळी ३५० रुपये, मजुरी ५००. दादांनी नळी ब्रॅकेटपासून लांब बांधली. त्यानंतर पुण्याहून न थांबता तीनदा घाट चढलो. तिन्ही वेळा आकडा २०० च्या वर. दुरुस्तीनंतर ज्या परिस्थितीत बिघाड व्हायचा त्याच परिस्थितीत तपासा. गॅरेजभोवती एक चक्कर मारून काही सिद्ध होत नाही.

तुमच्या गाडीसाठी

तुमचा आरोपी वेगळा असू शकतो. कोड पी००८७ असेल तर डिझेलचं प्रेशर कमी आहे. तिथे आधी फिल्टर बघा. कोड काहीही असो, क्रम तोच: कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट, मग गार-गरम, रिकामी-भरलेली, चढ-सपाट अशी नोंद, मग आकड्यांची तुलना. पार्ट बदलणं सगळ्यात शेवटी.

आणि चालत्या गाडीत लिम्प मोड आला तर घाबरून इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतील. हझार्ड लावा, डावीकडे या, सुरक्षित जागी थांबा आणि मग बंद-चालू करा. ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर मात्र पुढे जाऊच नका. तो लिम्प मोड नव्हे.

गेल्या रविवारी आत्याकडे गेलो. आई पुढच्या सीटवर बसली, पण घाटात बाबांना एकही ओव्हरटेक करू दिला नाही. बाबांनीही वाद घातला नाही.

तुमच्या गाडीचा असा काही लपंडाव चालू असेल तर व्हॉइस नोट पाठवा, कोड न पुसता! भेटूया पुढच्या भागात.