खून स्वस्त, चेहरे महाग!

माहीत आहे का? चित्रं असलेला पहिला अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणून ज्याचं नाव घेतात, तो चक्क मर्डर मिस्ट्री होता! नाव 'मिस्ट्री हाउस', साल १९८०, मशीन अ‍ॅपल टू. कथा आणि चित्रं रॉबर्टा विल्यम्स यांची, कोडिंग नवरा केन यांचं. ऑफिस? घरातलं किचन टेबल. पॅकिंग? झिपलॉकची पिशवी!

ग्राफिक्स म्हणाल तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषा. रंगाचा ठिपकाही नाही. पण अशी सुमारे सत्तर चित्रं एका फ्लॉपीत मावली कशी? तर चित्र साठवलंच नव्हतं! रेघ कुठून निघते आणि कुठे पोचते, एवढे आकडे साठवले होते. कॉम्प्युटर दर वेळी चित्र नव्याने काढायचा. किंमत २४.९५ डॉलर आणि दहा हजारांवर प्रती फस्त. याच जोडप्याची कंपनी पुढे सिएरा म्हणून जगभर गाजली.

आता थेट ३१ वर्षांची उडी. सीट बेल्ट लावा!

२०११, 'एल. ए. नोआर'. १९४७ सालचं लॉस एंजेलिस, फेल्ट हॅटवाला डिटेक्टिव्ह कोल फेल्प्स आणि ऑस्ट्रेलियातल्या टीम बाँडी स्टुडिओची सात वर्षांची मेहनत. खर्चाचा आकडा पाच कोटी डॉलरच्या घरात सांगितला जातो. तेव्हाच्या दराने सव्वादोनशे कोटी रुपये!

एवढे पैसे गेले कुठे? चेहऱ्यांवर! नटाला खुर्चीत बसवायचं आणि भोवती ३२ हाय-डेफिनिशन कॅमेरे लावायचे. भुवई उडाली, आवंढा गिळला, नजर चुकवली, सगळं टिपलं जायचं. असे चारशेच्या वर कलाकार त्या खुर्चीत बसून गेले. का? कारण या गेममध्ये पुरावा चेहऱ्यावरच आहे. साक्षीदार बोलतो, तुम्ही त्याचे डोळे वाचता आणि बटण दाबता: खरं, शंका की खोटं. चेहरा ढोबळ असता तर खोटं पकडणार कसं? म्हणून माझं स्पष्ट मत, हा खर्च उधळपट्टी नव्हता. जिथे पुरावा तिथे पैसा!

गंमत पुढे आहे. शरीराची हालचाल वेगळी टिपली होती, चेहरा वेगळा. त्यामुळे काही प्रसंगांत डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं वाटतं. एक्सबॉक्सवर गेम तब्बल तीन डिस्कांवर आला. न्यूयॉर्कच्या ट्रायबेका फिल्म फेस्टिव्हलमध्ये झळकलेला हा पहिला व्हिडिओ गेम. मे महिन्यात रिलीज, लाखो प्रती विकल्या गेल्या आणि त्याच वर्षी टीम बाँडीला टाळं लागलं. गेम सुपरहिट, स्टुडिओ गायब. ही केस मात्र अशी निकाली लागावी असं कोणालाच नको होतं!

बरं, चेहऱ्याचाच गेम पण स्वस्तात? झालाय की!

२०१५ चा 'हर स्टोरी'. सॅम बार्लो यांनी स्वतःच्या बचतीवर केलेला. एक अभिनेत्री, व्हिव्हा सायफर्ट. एक पोलिस चौकशीची खोली. २७१ छोट्या व्हिडिओ क्लिप. तुम्ही जुन्या कॉम्प्युटरवर शब्द टाइप करायचे, तो शब्द जिथे उच्चारला असेल त्या क्लिप समोर येतात. बस्स, हाच गेम! थ्रीडी मॉडेल बनवायची भानगडच नाही, कारण खरा चेहरा आयता हजर.

आणि माहीत आहे का, त्या व्हिडिओचं ग्राफिक्स मुद्दाम बिघडवलं होतं? १९९४ सालची टेप वाटावी म्हणून स्वच्छ डिजिटल शूटिंग जुन्या व्हीसीआरमधून फिरवून घेतलं. जगभर लोक पिक्सेल वाढवायला पैसे मोजतात, इथे क्वालिटी कमी करायला मेहनत! फळ? २०१६ ला तीन बाफ्टा पुरस्कार.

यापेक्षा जबरदस्त किस्सा हवाय? मग या जहाजावर चढा.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन', २०१८. १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचं एक हरवलेलं जहाज बंदराला लागतं. माणसं होती साठ, आता जहाजावर जिवंत कोणी नाही. तुम्ही कंपनीचे विमा निरीक्षक. कोण, कसा, कोणाच्या हातून मेला ते शोधायचं. खलाशांमध्ये काही हिंदुस्थानातलेही आहेत बरं का! सारा गेम लुकास पोप या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून केला. पडद्यावर रंग दोनच, एक गडद आणि एक उजळ. करड्या रंगालासुद्धा एंट्री नाही! सावली दाखवायची तर ठिपक्यांची दाटी करायची.

पण कॅमेरा फिरला की ठिपके वळवळायचे, डोळ्यांना त्रास. पोप यांनी युक्ती काढली. ठिपक्यांची नक्षी खेळाडूच्या भोवती असलेल्या एका अदृश्य गोलावर चिकटवली. मान वळवली की नक्षीही सोबत सरकते आणि चित्र स्थिर राहतं. असा उपाय डोक्याने मिळतो, चेकबुकाने नाही.

आणि पुरावे कुठे? खलाशांच्या टांगत्या बिछान्यावर लिहिलेल्या नंबरात. चादरीतून बाहेर आलेल्या बुटात. कोण कोणाशेजारी उभा आहे त्यात. दोन रंगांत हे सगळं लख्ख दिसतं, मग तिसरा रंग हवाच कशाला?

ड्रमरोल! २०१८ च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शनासाठी नामांकनं होती 'रेड डेड रिडेम्प्शन २', 'गॉड ऑफ वॉर', 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' यांसारख्या धनदांडग्यांची. जिंकलं कोण? आपलं दुरंगी जहाज!

आता फटाफट फेरी, श्वास रोखून वाचा.

जपानचा 'एस अ‍ॅटर्नी', २००१. वकीलसाहेब बोट रोखून आक्षेप ओरडतात तो. टीम सात जणांची, वेळ सुमारे दहा महिने. मूळ जपानी गेममध्ये त्या वकिलाचा आवाज कोणाचा? खुद्द दिग्दर्शक शू ताकुमी यांचा! पडदा २४० बाय १६० पिक्सेलचा. तुमच्या फुल एचडी टीव्हीत याच्या बरोब्बर ५४ पट पिक्सेल असतात. तरी कोर्टातला ताण तसूभर कमी नाही.

१९८३, 'पोर्टोपिया'. युजी होरी यांचा खुनाच्या तपासाचा गेम. हेच होरी पुढे 'ड्रॅगन क्वेस्ट'चे जनक झाले.

१९८५, 'कार्मेन सँडिएगो'. चोराच्या मागे देशोदेशी पळायचं. ग्राफिक्समध्ये न मावणारी माहिती द्यायची कशी? डब्यात छापील जाडजूड वार्षिक ज्ञानकोशच टाकला! मुलं भूगोल शिकली आणि चोरही पकडला गेला.

२०१९, चीनचा 'अनहर्ड'. यात माणसंच दिसत नाहीत. इमारतीचा नकाशा आणि आवाज, एवढंच. तुम्ही खोलीखोलीत कान लावत फिरायचं.

आता गाडी पुण्याहून कात्रजच्या बोगद्यातून बाहेर काढू. नसरापूरला वळलात की वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. थोडं पुढे कापूरहोळला वळलात की भोर. का आलोय इथे? कारण स्वस्तातल्या देखण्या गुन्हेकथेसाठी याहून फक्कड सेट शोधून सापडणार नाही!

पुरावा देतो. माहीत आहे का, पोलंडमधल्या एका धरणाला गेममध्ये रोल मिळाला होता? २०१४ चा 'द व्हॅनिशिंग ऑफ ईथन कार्टर'. पॉल प्रॉस्पेरो नावाचा डिटेक्टिव्ह हरवलेल्या मुलाचा माग काढतो. टीम मूठभर, पण निसर्ग असा की त्या वर्षीच्या बड्या स्टुडिओंनी तोंडात बोट घालावं. गुपित होतं फोटोग्रामेट्री. खऱ्या दगडांचे, भिंतींचे शेकडो फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअर त्यातून थ्रीडी मॉडेल उभं करतं. गेममधलं धरण पोलंडच्या पिल्खोवित्से धरणावर बेतलेलं आहे.

आणि आपल्याकडे भाटघर आहे! लॉईड डॅम या नावाने १९२० च्या दशकात उभं राहिलेलं, येसाजी कंक जलाशय पोटात घेऊन बसलेलं. भोरचा राजवाडा तर सिनेमावाल्यांचं लाडकं लोकेशन. चौक, लाकडी खांब, लांबलचक सज्जे. एका कोपऱ्यात दिवा विझवा, मर्डर मिस्ट्री तयार.

फोटोग्रामेट्रीचं तंत्र जवळून बघा, मजा आहे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग पुन्हा यायला हवा, म्हणजे सॉफ्टवेअरला खुणा जुळवता येतात. म्हणून एका पावलाला एक क्लिक, वस्तूला पूर्ण प्रदक्षिणा. ऊन कडक नको, नाहीतर सावली दगडातच छापली जाते. आभाळ भरलेलं हवं, पण पाऊस नको, कारण ओला दगड चमकतो आणि चमक सॉफ्टवेअरला चकवते. काच, स्थिर पाणी, वाऱ्यावर डोलणारं गवत, हे तिन्ही फेल. खडबडीत, टाकीचे घाव असलेला काळा पाषाण? शंभर नंबरी! म्हणजे राजगडाची तटबंदी आणि बुरूज या तंत्रासाठीच घडवल्यासारखे. मात्र राजगड २०२५ पासून मराठा लष्करी भूदृश्यांसोबत जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेव्हा परवानगी आधी, प्रदक्षिणा नंतर!

नावं तर बघा, स्क्रिप्ट आयतीच. राजगडावर चक्क 'चोर दरवाजा' आहे! तोरण्यावर धनाचे हंडे सापडले आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागले, असं परंपरा सांगते. आणि तोरण्याच्या एका माचीचं नाव 'झुंजार'! रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांचा नायक कोण? झुंझार! त्यांचा दुसरा नायक काळा पहाड. पावसाळ्यात १,४०० मीटरचा तोरणा पायथ्यावरून बघा, पटेल.

अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. साधा कागद, स्वस्त छपाई, भडक मुखपृष्ठ आणि वाचनालयात पुढच्या पुस्तकासाठी रांग. लो बजेट, हाय सस्पेन्स हा फॉर्म्युला मराठी माणसाला कोणी शिकवायची गरजच नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर याच पुणे जिल्ह्यातला, फुरसुंगीचा. नाव बनेश. आणि भोर तालुक्यात नसरापूरला देऊळ कोणतं? बनेश्वर! बनेशची एखादी केस बनेश्वरच्या झाडीत घडायलाच हवी, हे मी मनापासून म्हणतोय.

धुकं महाग असतं का? उलट! १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये दाट धुकं होतं, कारण बिचाऱ्या प्लेस्टेशनला लांबचं दृश्य रंगवणं झेपत नव्हतं. अडचण झाकायला आणलेलं धुकं गेमची ओळख बनलं. आपल्या भोरकडच्या वरंधा घाटातही जुलैमध्ये समोरची गाडी दिसत नाही. गेमवाल्याच्या भाषेत सांगायचं तर दहा फुटांपलीकडचं सगळं ग्राफिक्स माफ!

आणि करणार कोण, असं विचारताय? पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आठवा. गुन्हेकथा नव्हे, हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या बहिणीची गोष्ट. २०१७ ला किकस्टार्टरवर पैसे मागितले, लक्ष्य गाठलं नाही. तरी गेम २०२० ला आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या नामांकनात पोचला. मधले कथाप्रसंग कसे दाखवले? छाया-बाहुल्यांच्या शैलीत! खर्च कमी, थाट अस्सल देशी. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या आजही सांभाळून आहेत. साक्षीदाराची जबानी चित्रकथीत रंगवली तर? ३२ कॅमेऱ्यांची गरजच संपली.

हत्यारंही स्वस्त झालीत. गोडो हे गेम इंजिन पूर्ण मोफत. अनरियल इंजिनवर एका गेमची कमाई दहा लाख डॉलर पार होईपर्यंत रॉयल्टी शून्य, त्यापुढच्या कमाईवर पाच टक्के.

आता माझी सगळ्यात लाडकी आयडिया, फुकट देतो, घ्या. वेळवंडी नदीच्या खोऱ्यात कांबरे गावाजवळ एक प्राचीन शिवमंदिर आहे, कांबरेश्वर. वर्षातला बराच काळ ते भाटघरच्या पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं. गेममध्ये हेच घड्याळ करा! पाणी एकेक फूट उतरेल तशी एकेक पायरी उघडी पडेल आणि पायरीगणिक एकेक पुरावा. वेगळा नकाशा नको, नवा सेट नको, तीच जागा पुन्हा पुन्हा कामी येईल. पाण्याची लेव्हल उतरली की गेमची लेव्हल चढली! पाऊस लागायच्या आत केस सोडवली नाही तर पुरावे पुन्हा बुडाले, आरोपी सुटला. फोटो काढायचे तर मे महिन्यातच, पहाटे, ऊन चढायच्या आत. मेमरी कार्ड रिकामं करून ठेवा!