जहांगीरच्या चित्रातील इंग्लंडचा राजा

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेजवळच्या सुवाली येथे उतरला. युरोपीय प्रबोधनकालीन व्यक्तिचित्रांची तऱ्हा मुघल चित्रशाळेला त्याआधीच परिचित होती. सुमारे १६१५-१८ मध्ये चित्रकार बिचित्र याने जहांगीरला वाळूच्या घड्याळावर बसविले व मस्तकामागे सूर्यचंद्राचे तेजोवलय रेखाटले. बादशहा ग्रंथ देतो तो सुफी शेख हुसेन यांना. उस्मानी सुलतान आणि जेम्स खाली तिष्ठत उभे! जेम्सचा चेहरा इंग्रजी व्यक्तिचित्रावरूनच उतरविलेला आहे. स्वदेशी त्याचे वैभव सांगणारे रूप येथे केवळ जागा बदलताच दरबारी उमेदवाराचे झाले. सर्वांत खाली बिचित्र स्वतः आहे. त्याच्या हातातील चित्रात एक माणूस वाकून कुर्निसात करतो.