भरसमुद्रातील माणसाविना दिवा : हुन्नर कोणाचा, खर्च कोणाचा?

इंग्लंडच्या प्लिमथ बंदरापासून सुमारे २२ किलोमीटरवर एडिस्टोन नावाचे खडक आहेत. भरतीच्या वेळी ते जवळजवळ पाण्याखाली जातात. त्यांच्यावर आपटून जहाजे फुटत. माल जाई आणि माणसेही जात. आज तेथे उभे असलेले दीपगृह १९८२ पासून माणसाविना चालते. त्याची हकिकत व्यापारी व कारागीर बांधवांनी जाणून घ्यावी अशी आहे.

पहिला मनोरा हेन्री विन्स्टनली या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराने १६९८ मध्ये उभारला. १७०३ च्या तुफानात मनोरा गेला आणि आत असलेला विन्स्टनलीही गेला. दुसरा मनोरा बांधला जॉन रुडयर्ड या रेशमाच्या व्यापाऱ्याने. जहाज बांधणाऱ्या सुतारांना हाताशी धरून त्याने १७०९ मध्ये लाकडी मनोरा पूर्ण केला. तो ४६ वर्षे टिकला. १७५५ मध्ये दिव्याच्या खोलीतूनच आग लागून जळाला.

तिसरे काम जॉन स्मीटन या उपकरणे बनवणाऱ्या कारागिराकडे आले. पेटीच्या कोपऱ्यात सुतार फळ्या एकमेकींत अडकवतात, तसे त्याने दगड घडवून अडकवले. पाण्यातही घट्ट होणारा चुना वापरला. १७५९ मध्ये त्याच्या मनोऱ्यावर २४ मेणबत्त्या पेटल्या. पुढे मनोरा हादरू लागला, पण दोष बांधकामाचा नव्हता. खालचा खडक लाटांनी झिजला होता. म्हणून १८८२ मध्ये शेजारच्या खडकावर सध्याचा सुमारे ४९ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग प्लिमथला नेऊन पुन्हा बांधला आहे. बुंधा मात्र अजून समुद्रातच उभा आहे.

आता दिवा आपोआप लागतो आणि दर १० सेकंदांत दोनदा चमकतो. १९९९ पासून त्याला सूर्यप्रकाशावर तयार होणारी वीज मिळते. देखरेख दूरच्या हारविच गावातून होते. दुरुस्तीसाठी मात्र माणूसच लागतो. तो हेलिकॉप्टरने येतो. त्यासाठी मनोऱ्याच्या माथ्यावर मंच बांधला आहे.

खर्चाचे काय? दिव्याचा उजेड वाटेवरच्या साऱ्या जहाजांना दिसतो. एकाला द्यावा व दुसऱ्याला नाकारावा, असे करता येत नाही. म्हणून तेथील बंदरांत येणाऱ्या व्यापारी जहाजांकडून दीपशुल्क घेतले जाते व त्यातून अशा दिव्यांचा खर्च भागतो. ज्या सोयीचा फायदा सर्वांना, तिचा भारही सर्वांनी वाटून घ्यावा, हा हिशेब बाजारपेठेतील सामाईक कामांनाही लागू पडतो. आणि कारागिराने काम पक्के करण्याआधी ते कशावर उभे राहणार आहे, हे जरूर तपासावे.