ट्यूब टाकलीत का, डॉक्टर?

काशीतला राजा घाट मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. नारद घाटाला लागून असलेला हा घाट पक्क्या दगडात बांधून घेतला तो अमृतराव पेशव्यांनी. राघोबादादांचे हे दत्तकपुत्र १८०३ साली इंग्रजांशी करार करून पुण्याच्या राजकारणातून बाजूला झाले आणि इकडे काशी-कर्वीकडे येऊन राहिले. घाट म्हणजे पायऱ्या आल्या, पायऱ्यांवर शेवाळ आलं, आणि पाय घसरून बुडणंही आलं. पावसाळ्यात पाणी चढलं की शेवटची पायरी कुठे संपते तेही कळत नाही. बुडणाऱ्याला बाहेर काढायला काशीत निषाद-मल्लाह नावाडी असतात, जल पोलीस असतात, एनडीआरएफची अकरावी बटालियन तर याच शहरात आहे. पण कुठल्याही घाटावर, इथे किंवा नाशिक-पंढरपुरात, माणूस पायरीवर आडवा ठेवला की गर्दीतून एकच सल्ला येतो: पोट दाबा, आधी पाणी काढा!

पोट दाबून निघतं ते पोटातलंच पाणी, फुप्फुसातलं नव्हे. उलट गिळलेलं पाणी आणि अन्न घशात येऊन श्वासनलिकेत शिरतं, आणि तेवढ्यात मोलाची मिनिटं जातात.

बुडून थांबलेलं हृदय आणि झटक्याने थांबलेलं हृदय यांत मोठा फरक आहे. चालता-बोलता कोसळलेल्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं पुरेसा प्राणवायू असतो. छाती दाबून ते रक्त मेंदूपर्यंत ढकललं तरी काम भागतं. म्हणूनच इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ साली सामान्य माणसासाठी ‘कोल्स’ ही फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत आणली, आणि ती आणली हे उत्तमच झालं. बुडालेल्याचा मात्र श्वास आधी कोंडतो, हृदय मागाहून थांबतं. तोवर रक्तातला प्राणवायू संपलेला असतो. तिथे नुसती छाती दाबणं म्हणजे रिकामं रक्त फिरवणं. त्याला आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची. शाळा-कॉलेजांतल्या प्रशिक्षणात हा अपवाद ठळकपणे सांगितला पाहिजे. तो बहुधा घाईत सांगून टाकला जातो.

गंमत अशी की श्वास देण्यासाठी श्वासनलिकेत नळी घालण्याच्या कल्पनेने जोर धरला तो बुडालेल्यांसाठीच. ॲमस्टरडॅममध्ये १७६७ साली आणि लंडनमध्ये १७७४ साली बुडालेल्यांना वाचवणाऱ्या संस्था निघाल्या. तंबाखूचा धूर गुदद्वारातून आत फुंकणं हा त्यांचा एक मान्य उपाय होता. (हसू नका, पोट दाबणारे आपण अजून आहोतच.) पण त्याच लंडनच्या संस्थेने चार्ल्स काइट या शल्यवैद्याच्या १७८८ सालच्या निबंधाला पदक दिलं, आणि त्यात श्वासनलिकेत घालायच्या वाकड्या धातूच्या नळीचं वर्णन होतं.

आज कॅज्युअल्टीच्या दाराशी नातेवाईक विचारतात, ‘ट्यूब टाकलीत का, डॉक्टर?’ ट्यूब पडली म्हणजे उपचार सुरू झाले, असा आपला समज. पेशंटच्या डोक्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरांपुढे मात्र तीन वाटा असतात. पहिली अंबू बॅग: मास्क तोंडावर घट्ट धरून पिशवी दाबायची. दिसायला सोपी, पण एकट्याने मास्क धरला की कडेने हवा निसटते, आणि जोरात दाबली की पोटात जाते. दुसरी आय-जेलसारखी नळी: मऊ, स्वरयंत्राच्या तोंडावर टेकून बसणारी, फुगा न फुगवता काही सेकंदांत सरकवता येणारी. तिसरी खरी ट्यूब. डाव्या हातात लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात पाहायचं पात्याचं उपकरण, जीभ बाजूला सारायची, पात्याने वर उचलायचं, खोल पांढरट स्वरतंतू दिसले की त्यांच्या मधून नळी आत. भूलतज्ज्ञ ऑपरेशन थिएटरमध्ये हे रोज करतो. पण इथे छाती दाबली जातेय, डोकं हलतंय, घशात फेस आणि उलटी आहे. मग कोणीतरी म्हणतं, ‘जरा थांबा.’

घात होतो तो या थांबण्यात. मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबताना हृदयाच्या रक्तवाहिन्यांत जो दाब उभा राहतो, तो हात थांबताच कोसळतो. विहिरीवरच्या हातपंपासारखं आहे हे: थांबलात की पाणी पुन्हा चढवायला पहिले काही दांडे फुकट जातात.

२०१८ साली या वाटांची तुलना करणाऱ्या तीन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. इंग्लंडमध्ये ९,२९६ रुग्णांत आय-जेल आणि ट्यूब यांची तुलना झाली. चांगल्या अवस्थेत वाचले ते अनुक्रमे ६.४ आणि ६.८ टक्के, म्हणजे फरक नाहीच. अमेरिकेत ३,००४ रुग्णांत स्वरयंत्राशी बसणारी दुसरी एक नळी सरस ठरली: ७२ तासांनी जिवंत १८.३ टक्के, ट्यूबवाले १५.४. पण तिथे पॅरामेडिकांची ट्यूब सुरुवातीच्या प्रयत्नात जेमतेम निम्म्या वेळा बसली, हे विसरून तो आकडा वाचू नये. फ्रान्स-बेल्जियममध्ये डॉक्टर स्वतः ॲम्ब्युलन्सवर असतात. तिथे अंबू बॅग आणि ट्यूब यांची तुलना झाली, आणि २८ दिवसांनी मेंदू शाबूत असलेले ४.३ आणि ४.२ टक्के. उलटी मात्र बॅगने दुप्पट, १५.२ टक्के.

माझ्या मते या आकड्यांतून नळीपेक्षा ती घालणाऱ्या हाताची कसोटी जास्त दिसते. ज्याला दोन प्रयत्नांत जवळजवळ खात्रीने ट्यूब बसवता येते, त्याने खुशाल टाकावी. ज्याच्या हाताला वर्षात मोजक्याच ट्यूब येतात, त्याने आय-जेल किंवा बॅगवर भागवावं. आणि ट्यूब पडल्यावरही एक मोह आवरायला हवा. २००४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात सीपीआर चालू असताना पथकं मिनिटाला सरासरी ३० श्वास देताना आढळली. द्यायला हवेत १०. जास्त हवा भरली की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे रक्त परतत नाही. ट्यूब अन्ननलिकेत तर गेली नाही ना, हे कळायला कॅप्नोग्राफ हवा. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा त्याचा आलेख उमटला की शंका मिटते.

या चाचण्या सर्वसाधारण हृदयस्तंभाच्या होत्या, खास बुडालेल्यांच्या नव्हत्या. पाण्याने भरलेली फुप्फुसं ताठर होतात, हवा ढकलायला जोर लागतो, आणि तेवढ्या दाबाला आय-जेलच्या कडेने हवा गळू शकते. म्हणून अशा पेशंटमध्ये अनुभवी हात मिळताच ट्यूबकडे लवकर वळतात. तोंडातून येणारा फेस पुसत बसायचं नाही. तो येतच राहतो, श्वास त्याच्यावरूनच द्यायचे. आणि पायरीवरच माणूस शुद्धीवर येऊन बसला, चहा मागू लागला, तरी त्याला घरी न नेता रुग्णालयात न्यायचं, कारण फुप्फुसांना सूज पुढच्या काही तासांत चढू शकते.