ताप उतरलाय, पण थांब जरा!

पावसाळ्यात हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी जण तापाने फणफणलेला असतो. दोन दिवस पॅरासिटामॉल आणि मऊ भात, तिसऱ्या दिवशी गडी पुन्हा ग्राउंडवर. 'घाम काढला की ताप पळतो' हे जिममधल्या दादापासून भरतीची तयारी करून घेणाऱ्या सरांपर्यंत सगळेच सांगतात. हृदयावरचं संशोधन मात्र बरोब्बर उलटं सांगतं.

विषय आहे मायोकार्डायटिसचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा. याला कोलेस्टेरॉल किंवा ब्लॉकेज लागत नाही. त्यामुळे 'हार्टचं दुखणं बाबांच्या वयात' हा आपला समज इथे चालत नाही. उलट हा आजार तरुणांमध्ये, त्यातही मुलांमध्ये जास्त दिसतो. कारण बहुतेकदा एखादा व्हायरस असतो. फ्लू, कोविड, क्वचित डेंग्यूसुद्धा. जुना संशयित म्हणजे कॉक्सॅकी बी. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी गावातल्या रुग्णांमध्ये १९४८ साली या कुळातला पहिला व्हायरस सापडला, म्हणून हे नाव.

व्हायरस हृदयाच्या पेशीत घुसतो आणि तिथेच आपल्या प्रती काढत बसतो. मग त्याला हाकलायला आपली रोगप्रतिकारशक्ती येते आणि त्या मारामारीत स्नायूही जखमी होतो. अशा वेळी हृदयाला आराम हवा असतो, आणि आपण नेमके स्प्रिंट मारत असतो! १९७० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कॉक्सॅकीची लागण झालेल्या उंदरांना पोहायला लावलं. विश्रांती घेणाऱ्या उंदरांपेक्षा त्यांच्या हृदयात व्हायरस कितीतरी जास्त वाढला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण ताप असताना व्यायाम नको, हा डॉक्टरांचा सल्ला नुसता घाबरटपणा नाही, एवढं त्यातून कळतं.

माणसांवरचा मोठा अभ्यास कोविडनंतर आला. अमेरिकेतल्या १३ विद्यापीठांमधल्या, कोविड होऊन गेलेल्या १,५९७ खेळाडूंच्या हृदयाचा एमआरआय काढला. ३७ जणांना मायोकार्डायटिस निघाला, म्हणजे २.३ टक्के. त्यातल्या २८ जणांना हृदयाचा त्रास असा काही जाणवलाच नव्हता! बायर्न म्युनिकचा अल्फान्सो डेव्हिस आठवतोय? कोविडनंतर जानेवारी २०२२मध्ये त्याच्या हृदयाला सौम्य सूज असल्याचं तपासणीत कळलं. जगातल्या वेगवान फुटबॉलपटूंपैकी एक, पण एप्रिलपर्यंत बाहेर बसला.

आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर 'जिममध्ये कोसळला' असे व्हिडिओ फिरतात आणि सगळं खापर लसीवर फुटतं. आयसीएमआरने १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लसीमुळे धोका वाढल्याचं आढळलं नाही. कोविडमुळे अ‍ॅडमिट व्हावं लागणं, घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, आधीच्या ४८ तासांतलं बेसुमार दारू पिणं किंवा अतिजोरदार व्यायाम, यांचा मात्र संबंध दिसला. हे कुणी फॉरवर्ड करत नाही!

नुसतं नाक गळत असेल तर हलका व्यायाम चालतो. ताप आणि अंगदुखी असेल तर अजिबात नाही, आणि बरं वाटल्यावरही हळूहळूच. पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तारीख तोंडावर आलेल्याला हे सांगणं सोपं नाही, मान्य. 'गेल्या आठवड्यात ताप होता का?' एवढा एक प्रश्न तरी मैदानावर विचारला जायला हवा.

बहुतेक जण यातून पूर्ण बरे होतात. पण तापानंतर छातीत दुखणं, धडधड, जिना चढताना लागणारी धाप किंवा चक्कर यातलं काहीही झालं तर लगेच डॉक्टर गाठा. ईसीजी आणि ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीतून बरंच कळतं. आणि नुकताच ताप येऊन गेल्याचं आपणहून सांगा. विशीतल्या पोराने छाती दुखतेय म्हटलं, की समोरच्याला आधी अ‍ॅसिडिटीच आठवते.