सातच्या आत

सामना हरलाय हे मैदानातल्या सगळ्यांना कळलेलं असतं. घड्याळात तीन मिनिटं उरलेली, पिछाडी नऊ गुणांची, प्रेक्षक चपला शोधायला लागलेले. आणि अशा वेळी हरणाऱ्या संघाचा गडी चढाईला जाऊन बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवतो, मागचा पाय अधांतरी ठेवतो, पंचांच्या बोटाकडे बघतो आणि पळत मध्यरेषा गाठतो. एक गुण. नऊचे आठ. मग त्याचे साथीदार एकमेकांचे हात घट्ट धरून असे उभे राहतात, जणू सामना आत्ताच सुरू झालाय.

व्यावसायिक कबड्डीच्या हंगामातलं हे सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात कमी टाळ्यांचं काम. मला ते नीट बघायला शिकवलं ओरत्तनाडुच्या एका निवृत्त पीटी मास्तरांनी.

तंजावरला मी गेलो होतो मोडी कागदांच्या मागे. राहायची सोय मात्र झाली दक्षिणेला पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर, ओरत्तनाडुत. सरफोजीराजे दुसरे यांनी आपली प्रेयसी मुक्तांबाळ हिच्या नावानं इथे छत्र बांधलं, 1802 च्या सुमारास. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूंच्या पोटाची आणि पाठीची सोय. गाव त्यामुळे मुक्तांबाळपुरम म्हणूनही ओळखलं जाई. आता ती जुनी दगडी वास्तू बघायला क्वचितच कोणी थांबतं. थांबतात ते बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, आणि 2023 च्या डिसेंबरात तिथे बोलणं एकच होतं: तमिळ थलैवाज यंदा तरी वर येणार की नाही. मी पुण्याचा म्हटल्यावर टपरीवर जरा शांतता पसरली. कारण आदल्या हंगामात, डिसेंबर 2022 मध्ये, थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले होते आणि तिथे त्यांना 39-37 असं हरवलं होतं पुणेरी पलटणनं. दोन गुणांनी. त्या दोन गुणांचा हिशेब मी द्यायचा, असं ठरल्यासारखं झालं.

मास्तरांना सगळे ‘सार’ म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला ‘तंबी’ म्हणायचे. पोंगलच्या दिवसांत आसपासच्या गावांत कबड्डीचे सामने भरतात, त्यांत गुणलेखकाच्या टेबलावर ते असायचे. तांबड्या मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, बांबूला बांधलेले दिवे, आणि कर्ण्यावरून असं धावतं समालोचन की भाषा कळली नाही तरी चढाई कळावी. टेबलावर पेन, पट्टी, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कागदावर ठेवलेली पाण्याची बाटली.

गुणलेखन सोपं दिसतं, पण तसं नाही. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात कोण बाद झाला, कोण कितव्या क्रमानं परत आत येणार, ही रिकामी चढाई पहिली की दुसरी, कारण तिसरीत गुण घेतलाच पाहिजे नाहीतर चढाईपटूच बाद. हे सगळं कागदावर उतरवायचं. सार गुणांचे आकडे एकेक छाटत जायचे. बोनसला त्रिकोण, लोणाला चौकोन. सामना संपल्यावर तो कागद वाचता येणाऱ्याला खेळ पुन्हा दिसतो. एका संघाच्या बाजूला त्रिकोणच त्रिकोण होते, तेव्हा ते म्हणाले, ‘याच्या चढाईपटूंना पकडीची भीती वाटतेय. पाय टाकतात, हात टाकत नाहीत.’ मी अर्धा तास डोळे फाडून बघत होतो, मला हे दिसलं नव्हतं.

गावचे सामने बाद पद्धतीचे. हरलात की गाडीत बसायचं. नऊनं हरा की एकानं, जेवण तेच. म्हणून तिथे शेवटच्या तीन मिनिटांत हरणारा संघ एकतर अंगावर धावून जातो नाहीतर ढेपाळतो. प्रो कबड्डीत गोष्ट वेगळी होती. अकराव्या हंगामापर्यंतचा नियम मला वाटतं आपल्याकडच्या कुठल्याही खेळातला सगळ्यात चतुर नियम होता: जिंकलात तर पाच गुण, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी फरकानं हरलात तरी एक. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसऱ्या ते सहाव्याला आधी एक जास्तीचा सामना, हरला की घरी. तीन महिने गावोगाव फिरून थकलेल्या शरीरांना तो एक सामना टळणं म्हणजे काय, हे खेळाडूंच्या गुडघ्यांना विचारावं.

सारांनी वहीच्या मागच्या पानावर त्या दहाव्या हंगामाचा तक्ता आखला होता आणि रोज रात्री मोबाइलवर सामना संपला की तो भरायचे. मी त्यांच्या ओट्यावर बसून बघायचो. थलैवाजचा सामना असला की त्यांचा जावई आणि दोन शेजारीही यायचे, आणि त्या रात्री मला पुण्याबद्दल काही बोलायची सोय नसे. चेन्नईतले सामने डिसेंबरच्या अखेरीस झाले. घरच्या प्रेक्षकांपुढचा तो मुक्काम थलैवाजना मानवला नाही, आणि ओट्यावर कोणी मला चहा विचारला नाही.

एका रात्री थलैवाज शेवटच्या चार मिनिटांत दहानं मागे होते. जावई उठून गेला. सार हलले नाहीत. त्यांनी मला समोरच्या संघाकडे बघायला लावलं. पुढे असलेला संघ आता वेळ खातो: चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, कोपऱ्याला हूल देतो, तीस सेकंद पुरवून रिकामा परत येतो. दोन चढाया अशा घालवता येतात, तिसरीत मात्र त्याला शिरावंच लागतं. हरणाऱ्या संघाची सगळी मेहनत त्या तिसऱ्या चढाईसाठी. डावा कोपरारक्षक उगाच घोट्यावर झेप घेत नाही, मध्यरक्षक अंगावर जात नाहीत, साखळी सुटू देत नाहीत. कारण इथे एक गडी गमावला तर फरक अकरा, आणि लोण पडला तर वर आणखी दोन. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील तर गंमत उलटी: आता पकड झाली तर ती अव्वल पकड, एकाऐवजी दोन गुण. म्हणून कधी कधी संघ मुद्दाम तिघांवरच रेंगाळतो. बोनस घ्यायचा तर समोर किमान सहा गडी लागतात, तेही ध्यानात ठेवायचं. आणि जिंकणारा संघही मूर्ख नसायचा. प्रतिस्पर्ध्याला तो एक गुण मिळू नये म्हणून सातचा फरक आठ करायला तोही जीव काढायचा. वरवर निकाल लागलेल्या सामन्यात खरी मारामारी एका काल्पनिक रेषेवर चाललेली असायची, सात आणि आठच्या मधल्या.

त्या हंगामात थलैवाज तेरा सामने हरले. नऊ विजयांचे पंचेचाळीस, आणि तेरापैकी सहा पराभव सातच्या आत, म्हणून एक्कावन्न. नववा क्रमांक. एवढं करून हाती काही लागलं नाही. पण वरच्या सहांपैकी पाच संघांचा तक्ता बघा. पुणेरी पलटण: सतरा विजय, तीन बरोबरी, दोन पराभव, 85 अधिक 9, म्हणजे 94, आणि दोन्ही पराभव सातच्या आत, म्हणून 96. जयपूर: सोळा विजय, तीन बरोबरी, तीन पराभव, तिन्ही सातच्या आत, 92. गुजरात आणि हरियाणा दोघे 70 वर, क्रम लागला तो गुणफरकानं. पाटणा 69 वर, त्यांतले पाच गुण निव्वळ नीट हरण्याचे. बावीस सामन्यांत एकदाही कोणाकडून मोठी हार न खाणं, हे पुण्याचं आणि जयपूरचं त्या वर्षीचं खरं कर्तृत्व. अस्लम इनामदारच्या चढाया, मोहम्मदरेझा शादलूईच्या पकडी यांच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या. पण 96 मधले ते शेवटचे दोन कोणाला आठवत नाहीत.

पुण्याला हे शहाणपण आदल्या वर्षी फुकट मिळालं नव्हतं. नवव्या हंगामात जयपूर 82, पुणे 80. एका पराभवाची बरोबरी झाली असती तर गणित जुळलं असतं. मग अंतिम सामनाही जयपूरनं 33-29 असा नेला. त्यानंतर प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली जी पलटण उभी राहिली ती मला महाराष्ट्राच्या मातीतल्या कबड्डीपेक्षा जास्त हिशेबी वाटली, आणि हे मी कौतुकानं म्हणतोय. आपल्याकडे अजूनही चढाईपटूच्या हुलकावणीवर जीव टाकतात. त्या संघाचा जीव बचावात होता, आणि त्या बचावात संकेत सावंतच्या जोडीला मध्यरक्षक म्हणून उभा होता तमिळनाडूचा अभिनेश नादराजन. हे नाव घेतल्यावर ओट्यावरचं वातावरण जरा निवळलं. सारांनी तर सरळ वाटणी केली: ‘चढाई तुमची, पकड आमची.’ शादलूई इराणचा आहे, हे मी बोललो नाही.

या भागाला पकडीचा तोरा मिरवायचा हक्क आहे. धर्मराज चेरलाथन याच तंजावर जिल्ह्यातला. 2016 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पाटण्यानं चषक जिंकला, त्याच वर्षी तो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, आणि वयाची चाळिशी ओलांडल्यावर तो पुण्याकडून, मग मुंबईकडून खेळला. लीगमध्ये लहानथोर त्याला ‘अण्णा’ म्हणतात. ओरत्तनाडुजवळचंच, पण तिरुवारूर जिल्ह्यातलं वडुवूर गाव कबड्डीसाठी नावाजलेलं. 2025 च्या आशियाई युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय मुलांच्या संघातला अभिनेश मोहनदास तिथला. पोरं तिथे मातीवर शिकतात आणि मग मॅटवर बूट घालून खेळायची सवय करतात. मातीत सूर मारून घोटा धरणारा गडी मॅटवर घसरत नाही, आपटतो. हे पहिले काही महिने त्याच्या खांद्याला कळत राहतं.

1 मार्च 2024 ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात पुण्यासमोर हरियाणा होती, पाचव्या क्रमांकावरून चढत आलेली. उपांत्य फेरीत तिनं जयपूरला घरी पाठवलं होतं. बावीस सामन्यांत हरण्यालाही किंमत होती, आज नव्हती. आज गावच्या सामन्यासारखंच. पहिल्या डावाच्या शेवटाकडे पंकज मोहितेनं एका चढाईत चार गडी टिपले आणि पारडं झुकलं. मग पलटणनं काय केलं? काही नाही. चाळीस मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून त्रेपन्न गुण, 28-25. रिकाम्या चढाया, धरलेली साखळी, आणि घड्याळ. जावई म्हणाला, हे काय अंतिम सामना खेळणं झालं?

पुढे बाराव्या हंगामात, 2025 मध्ये, नियमच बदलला. विजयाला दोन गुण, पराभवाला शून्य. बरोबरी झालीच तर जादा चढायांवर निकाल लावायचा. प्रेक्षकांना सोपं जावं म्हणून असेल. साखळीअखेर पुणे आणि दिल्ली दोघे तेरा विजयांसह 26 वर. पुणे वर राहिलं ते गुणफरकावर. पण पात्रता सामन्यात 34-34 नंतर जादा चढायांत पुणे दिल्लीकडून हरलं, आणि 31 ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यातही, 31-28 असं.

मी सारांना फोन केला. सांत्वनाची अपेक्षा नव्हती, आणि ते मिळालंही नाही. त्यांचं म्हणणं, नियम काढला म्हणून काम संपलेलं नाही. उलट आता सातची सीमा गेली, म्हणजे प्रत्येक गुण शेवटपर्यंत मोजावा लागणार, वीसनं मागे असलात तरी. ‘बोनसचा पाय टाकावाच लागेल,’ ते म्हणाले. मी विचारलं, पण मग तीन गुणांनी हरलेल्या अंतिम सामन्याचं काय? ‘ते तुम्ही टपरीवर येऊन सांगा, तंबी. 39-37 अजून कोणी विसरलेलं नाही.’