गरीला लागलेले अनोळखी पिल्लू



आपल्या मंडळातले बरेच सदस्य रविवारी सकाळी गरी आणि सुंगटांची पिशवी घेऊन खडकांवर दिसतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मीही त्यांतलाच. हा लेख त्यांच्यासाठी, आणि सुट्टीत त्यांच्यासोबत जाणाऱ्या नातवंडांसाठी.

गेल्या ऑक्टोबरात दोनापावलच्या खडकांवर मी आणि माझा नातू बसलो होतो. भरती चढत होती. नातवाच्या दोरीला ओढ लागली आणि वर आला जेमतेम वीतभर मासा. अंग हळदीसारखे पिवळे आणि त्यावर शाईची दौत सांडावी तसे काळे, वेडेवाकडे पट्टे. शेजारी गरी टाकून बसलेले वयस्क गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "अशें नुस्तें हांवें केन्नाच पळोवंक ना." पलीकडच्या एका तरुणाने घरच्या काचेच्या टाकीत ठेवण्यासाठी लगेच पाचशे रुपये देऊ केले. नातू विचारत होता, "आजोबा, हा कोणता?" आणि आजोबांना उत्तर येत नव्हते.

तोंडाला आले ते मी सांगून टाकले, "कोकराचे पिल्लू असणार." अगदीच हवेतली गोष्ट नव्हती ती. सोनेरी कोकराची पिल्ले खरोखरच पिवळीधमक असतात, अंगावर काळे उभे पट्टे असतात आणि ती मोठ्या माशांच्या सोबतीने पोहतात. पण माझे उत्तर चुकीचे होते.

आपली चूक होते ती इथेच. माशाचे पिल्लू म्हणजे मोठ्या माशाची छोटी प्रत, असे आपण धरून चालतो. चोणक, शेवटो यांच्या बाबतीत ते बरेचसे चालूनही जाते. पण पुष्कळ जातींत बालपणीचा पेहराव निराळाच असतो. मोदसो लहान असताना त्याच्या काळ्या अंगावर ठळक पांढरे पट्टे असतात, पुढे ते फिकट होतात. कोकरांच्या कुळातल्याच एका जातीच्या पिल्लाच्या परांना अंगापेक्षा लांब दोरे लोंबत असतात, पाण्यात ते जेलीफिशच्या तंतूंसारखे दिसतात, आणि वय वाढते तसे ते आखूड होत जातात. आपण तर साधी माणसे, यात शास्त्रज्ञही फसले आहेत. सम्राट एंजलफिश या माशाला जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख यांनी १७८७ मध्ये नाव दिले. त्याचेच पिल्लू निळ्यावर पांढऱ्या वर्तुळांचे असते. १८०१ मध्ये ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात त्याची नोंद वेगळी जात म्हणून झाली, तीही निकोबारच्या नावाने!

मग ओळखायचे कशावरून? आमच्या बँकेत सही पडताळताना नवीन कारकून शाईचा रंग आणि अक्षराचा आकार बघायचा, जुना अधिकारी वळण बघायचा. माशाचे वळण म्हणजे त्याच्या परांची ठेवण आणि त्यांतल्या काट्यांची संख्या. रंग वयाप्रमाणे बदलतो. काट्यांची संख्या मात्र पिल्लू थोडे मोठे झाले की ठरून जाते आणि जन्मभर तीच राहते.

त्या दिवशी काढलेले फोटो घरी संगणकावर मोठे करून मी आणि नातू मोजायला बसलो. आधी शेपटी. कोकराची शेपटी खोल दुभंगलेली असते आणि तिच्या बुडाशी टणक, धारदार खवल्यांची रांग असते. आमच्या माशाची शेपटी पंख्यासारखी गोल होती. कोकर तिथेच बाद झाला. मग पाठीवरचा पर. कोकराला पाठीवर दोन वेगळे पर असतात, इथे एकच सलग पर होता. त्यात पुढे ११ टणक काटे आणि मागे मऊ काटे होते, ते आम्ही एकदा १४ आणि एकदा १५ मोजले. पोटाकडच्या मागल्या परात ३ टणक आणि ८ मऊ. रुंद तोंड, पुढे आलेला खालचा जबडा. हा तर गोबरो! गोबऱ्यांच्या दुसऱ्या एका गटात पाठीवर ९ च टणक काटे असतात, त्यामुळे तोही गट बाजूला पडला.

आता रंगाचा उपयोग झाला. आपल्या नद्यांच्या मुखांशी मिळणाऱ्या नेहमीच्या गोबऱ्यांची पिल्ले करडी-तपकिरी, ठिपक्यांची असतात. पिवळ्या अंगावर तीन मोठे, ओबडधोबड काळे पट्टे आणि पिवळ्या परांवर काळे ठिपके असलेले पिल्लू असते ते महाकाय गोबऱ्याचे. शास्त्रीय नाव एपिनेफेलस लॅन्सिओलेटस. वाढताना याचा पिवळा रंग विरत जातो आणि शेवटी सगळा मासा मळकट करडा होतो. हाडांचा सांगाडा असणाऱ्या माशांपैकी हा प्रवाळांच्या भागात राहणारा जगातला सर्वांत मोठा. अडीच मीटरांहून लांब आणि ४०० किलोंपर्यंत वजनाचा होऊ शकतो. त्याची पिल्ले खाडीच्या मचूळ पाण्यातही येतात. शोभेच्या माशांच्या बाजारात हेच पिल्लू 'बंबलबी ग्रूपर' म्हणून विकले जाते. घेणाऱ्याला बहुधा कल्पनाही नसते, की हा टाकीतच काय, न्हाणीघरातही मावणार नाही.

यापुढची गोष्ट मला त्या दिवशी माहीत नव्हती. हा मासा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत २००१ सालापासून आहे. व्हेल शार्क आणि समुद्रघोडेही त्याच वर्षी त्यात आले. त्याला पकडणे, विकणे, घरात ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणजे त्या पाचशे रुपयांत मी आणि तो तरुण दोघेही अडकलो असतो. आम्ही पिल्लू सोडले ते केवळ लहान आहे म्हणून. तेसुद्धा मी उगाच लांबवले. ओळख पटवण्याच्या नादात ते पंधरा मिनिटे बादलीत राहिले. उन्हात बादलीचे पाणी तापते आणि त्यातला प्राणवायू लवकर संपतो. पिल्लू कुशीवर झुकू लागले तेव्हा नातू ओरडला. खडकाच्या आडोशाला शांत पाण्यात हातावर धरले, तेव्हा कुठे कल्ले नीट हलू लागले आणि ते निघून गेले.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली आहे. गरीचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकतो, म्हणजे ती चटकन सुटते. हात ओले करूनच मासा धरतो. एक फोटो पूर्ण बाजूने, पर पसरून, शेजारी पट्टी ठेवून. एक शेपटीचा, एक तोंडाचा. मिनिटभरात मासा पाण्यात. ओळखण्याचे काम घरी.

मुलांना एक गोष्ट मात्र बजावून ठेवा. अनोळखी पिल्लाला हात आधी मोठ्यांनी लावायचा. सांगटाच्या कुळातली काळ्या अंगावर पांढऱ्या रेघांची पिल्ले दिसायला गोड असतात, पण त्यांचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. अंग फुगवणारा मासा तर घरी आणूच नये, त्याचे विष शिजवूनही जात नाही.

नातवाने वहीत नोंद केली आहे: तारीख, भरतीची वेळ, लांबी १७ सेंटिमीटर, काटे ११. मऊ काट्यांसमोर त्याने '१४ की १५?' असे लिहिले आहे. फोटो तिथे जरा धूसर आहे.